ईस्ट लोदियनचा किनारा: गोल्फ न येणाऱ्यांनी कसा पाहावा

स्कॉटलंडमध्ये एडिंबराला येणाऱ्या मराठी पाहुण्यांचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. पहिल्या दिवशी किल्ला, दुसऱ्या दिवशी हायलँड्सची बस, तिसऱ्या दिवशी खरेदी आणि पाय चेपून घेणं. शहराच्या पूर्वेला गाडीने अर्ध्या तासावर अख्खा समुद्रकिनारा पडलाय, हे परतीच्या विमानात बसेपर्यंत कुणी सांगत नाही. मी सांगते, कारण माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तिकडेच नेते.

या भागाचं नाव ईस्ट लोदियन. गोल्फवाल्यांची ही पंढरीच आहे. वीसहून जास्त कोर्स एकाला एक लागून आहेत. 'गोल्फ' म्हटलं की आपल्याकडे लोक मागे सरकतात. कुंपण, पहारेकरी, क्लबची मेंबरशिप, साहेबी थाट असलं काहीबाही डोळ्यांपुढे येतं. इथे मात्र कोर्समधूनच वाळूकडे जायची पायवाट असते आणि तुमच्या पुढे एखादी आजी कुत्र्याला घेऊन चाललेली असते. त्यामुळे हातात काठी धरायची इच्छा नसली तरी हा लेख तुमच्यासाठीच आहे.

आधी नावं नीट म्हणायला शिका

यात थट्टा नाही, तिकीट काढताना उपयोग होतो. 'नॉर्थ बेरिक' या नावात डब्ल्यू लिहितात, पण बोलत नाहीत. तिकिटाच्या यंत्रावर पूर्ण नाव वाचूनच बटण दाबा, कारण बेरिक-अपॉन-ट्वीड नावाचं दुसरं गाव आहे. त्याच्या गाड्याही एडिंबराच्या वेव्हर्ली स्टेशनातूनच सुटतात आणि त्या थेट इंग्लंडात नेतात. मसलबराच्या शेवटी 'बर्ग' नाही, एडिंबरासारखं 'बरा'च. गलनचं स्पेलिंग पाहून 'गुलाने' म्हणावंसं वाटतं, पण ते गलनच. काही जुने लोक 'गिलन' म्हणतात आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं.

कसं जायचं

गाडी भाड्याने घ्यायची गरज नाही. वेव्हर्लीहून नॉर्थ बेरिकची लोकल साधारण तासाला एक असते. ती मसलबरा, वॉलीफर्ड, प्रेस्टनपॅन्स, लाँगनिड्री, ड्रेम अशी थांबत सुमारे ३५ मिनिटांत पोचते. डनबार वेगळ्या फाट्यावर आहे, लंडनकडे जाणाऱ्या मुख्य मार्गावर. तिथे २५ मिनिटांत पोचता, पण गाड्यांची वेळ सारखी नसते. मध्ये मोठी फट पडते, म्हणून परतीची वेळ सकाळीच बघून ठेवा. अबरलेडी आणि गलन या गावांना रेल्वे नाही. तिथे किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी १२४ क्रमांकाची बस पकडायची आणि वरच्या मजल्यावर डावीकडची खिडकी धरायची.

तीन दिवस असतील तर एक दिवस मसलबरा आणि गलन, एक नॉर्थ बेरिक, एक डनबार. एकच दिवस असेल तर डोळे मिटून नॉर्थ बेरिक.

कधी जायचं, काय घालायचं

मे ते सप्टेंबर. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. डिसेंबरात चारच्या आतच दिवा लावावा लागतो. पावसाची भीती मात्र फार बाळगू नका. पश्चिमेचे डोंगर ढग अडवतात, त्यामुळे इथे वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात एकट्या जुलैत याहून जास्त पडतो.

वारा मात्र अंगावर येतो. छत्री आणू नका, ती उलटी होईल. वारं अडवणारं जाकीट आणि कान झाकणारी टोपी पुरे. आणि 'हार' लक्षात ठेवा. समुद्रावरून अचानक सरकत येणाऱ्या धुक्याला इथे हार म्हणतात. उन्हाळ्यात शहरात लख्ख ऊन असतं आणि किनाऱ्यावर उतरलं की दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. वैतागून परत फिरू नका, दुपारपर्यंत हा हार बहुतेक वेळा गळून पडतो.

दोन वर्षांपूर्वी माझे मामा आले होते. रत्नागिरीचे. स्टेशनवर उतरल्या उतरल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ओहोटी किती वाजता?" इथल्या सहलीची खरी तयारी तीच आहे. भरती-ओहोटीचं वेळापत्रक फोनवर सहज मिळतं. निघायच्या आदल्या रात्री बघा. वाळूवरून चालायचे सगळे बेत त्यावर अवलंबून आहेत.

'लिंक्स' म्हणजे काय, हे एकदा समजून घ्या

इथल्या गोल्फ कोर्सना 'लिंक्स' म्हणतात. हा शब्द आधी जमिनीचा, नंतर खेळाचा. समुद्र आणि शेतं यांच्यामधला रेताड, उंचसखल, गवताळ पट्टा म्हणजे लिंक्स. नांगर चालत नाही, पीक येत नाही. आपल्याकडे पुळणीच्या मागे मर्यादावेल पसरलेला जो पट्टा असतो, तसंच काहीसं. तिथे मेंढ्या चरायच्या, ससे बिळं करायचे, बायका कपडे वाळत घालायच्या आणि रिकामटेकडे लोक चेंडू टोलवायचे. मेंढ्या आणि सशांनी गवत आखूड ठेवलं. वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्या ज्या खळग्यांत बसायच्या, तिथली माती झिजून वाळू उघडी पडली आणि त्यातून आजचे बंकर, म्हणजे कोर्सवरचे वाळूचे खड्डे, आले, असं सांगतात. म्हणजे कोर्स कुणी 'बांधला' नाही, आधी जमीन होती तशी माणसं खेळली.

मे महिन्यात या पट्ट्यावर गॉर्स नावाची काटेरी झुडपं पिवळीधमक होतात. मामा एका झुडपाजवळ थबकले, वाकले आणि म्हणाले, "अगं, इथे कुणी खोबरं किसलंय का?" गॉर्सच्या फुलांना खरंच खोबऱ्याचा वास येतो. ऊन असलेल्या दिवशी जाऊन बघा.

आता चालायचे नियम. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या कुणालाही बहुतेक जमिनीवरून चालत जायचा हक्क आहे. गोल्फ कोर्सही ओलांडता येतो, फक्त खेळात अडथळा आणायचा नाही. कुणी चेंडू मारायच्या तयारीत उभा असेल तर थांबायचं, बोलायचं नाही, तो मारून पुढे गेला की ओलांडायचं. झेंडा रोवलेल्या मऊ गवतावर, म्हणजे ग्रीनवर, पाय ठेवायचा नाही. वाळूच्या खड्ड्यात मुलांना किल्ले करू द्यायचे नाहीत, त्यासाठी शंभर पावलांवर समुद्राची वाळू आहे. आणि कुणी "फोर!" म्हणून ओरडलं तर वर बघायचं नाही. दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली वाकायचं. तो इशारा चेंडू तुमच्याकडे येतोय असा असतो.

मसलबरा: अर्धा दिवस

इथला जुना कोर्स नऊ होलचा आहे (होल म्हणजे चेंडू घालायचा खळगा, आणि तिथवरचा खेळायचा पट्टाही) आणि चक्क घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या आत आहे. शर्यतीच्या दिवशी गोल्फ बंद. स्कॉटलंडची मेरी राणी १५६७ मध्ये इथे खेळली असं सांगतात. ते खरं-खोटं तिलाच ठाऊक, पण १६७२ मध्ये इथे खेळ झाल्याची लेखी नोंद आहे. जगातला सर्वांत जुना चालू कोर्स असल्याचा मसलबराचा दावा त्याच नोंदीवर उभा आहे. गोल्फचं माहेरघर म्हणवणाऱ्या सेंट अँड्र्यूजवाल्यांसमोर मात्र हा विषय काढू नका.

होलचं माप आज जगभर सव्वाचार इंच असतं. त्याचा माग इथवर येतो. इथे १८२९ सालचं होल पाडायचं कटर आहे, त्याचा व्यास तेवढाच. १८९० च्या दशकात तेच माप नियमात आलं. १८७४ ते १८८९ या काळात ओपन, म्हणजे ब्रिटनमधली गोल्फची सर्वांत मानाची स्पर्धा, सहा वेळा इथे झाली. इथल्या पार्क घराण्याने तर स्पर्धा घरचीच करून टाकली होती. थोरला विली पार्क १८६० ची पहिली ओपन जिंकला आणि पुढे आणखी तीन. भाऊ मंगो १८७४ ला जिंकला. मुलगा, धाकटा विली, १८८७ आणि १८८९ ला. हा धाकटा विली पुढे अमेरिकेत आणि कॅनडात कोर्स आखत फिरला, आजारी होऊन परतला आणि १९२५ मध्ये वारला.

मला मात्र इथली आवडती गोष्ट कोळणींची वाटते. फिशररो हा मसलबराचा कोळीवाडा. तिथल्या बायका माशांची जड टोपली पाठीवर घेऊन एडिंबरापर्यंत चालत जायच्या आणि विकून परत यायच्या. १८१० च्या डिसेंबरात इथल्या गोल्फ क्लबने ठराव केला की नववर्षाच्या दिवशी या बायकांपैकी जी उत्तम खेळेल तिला बक्षीस द्यायचं. बक्षीस काय, तर मासे वाहायची नवी टोपली आणि शाल. त्याखेरीज रेशमी रुमाल. बायकांच्या गोल्फ स्पर्धेची ही अगदी सुरुवातीची नोंद मानतात. सबंध दिवस ओझं वाहणाऱ्या बाईला बक्षीस म्हणून पुन्हा ओझं वाहायची टोपलीच द्यायची, हे सुचवणारा नक्की पुरुष असणार.

अनुभव म्हणून खेळायचं असेल तर हीच जागा निवडा. नऊ होल, खर्च आवाक्यातला, आणि जुन्या पद्धतीच्या हिकरी लाकडाच्या काठ्या भाड्याने मिळतात. आधी फोन करून वेळ ठरवा. 'टी टाइम' म्हणजे चहाची वेळ नव्हे, पहिला चेंडू मारायची.

मसलबराजवळ ट्रेनंट आणि त्याच्या पलीकडे एल्फिन्स्टन नावाचं खेडं आहे. हो, आपलंच एल्फिन्स्टन. या जमिनीवरून त्या घराण्याला नाव पडलं. १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर असलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, ते या घराण्यातले. १८५३ ते १८६० या काळात गव्हर्नर झालेले त्यांचे पुतणे लॉर्ड एल्फिन्स्टन, म्हणजे एल्फिन्स्टन रोड स्टेशनवाले. २०१८ पासून ते स्टेशन प्रभादेवी झालं. खेड्यात पाहण्यासारखं काय? खरं सांगायचं तर काही नाही. कोळशाच्या खाणींचं जुनं गाव, आणि जुन्या बुरुजाचा उरलेला बुंधा. पण परळ-दादरला आयुष्य गेलेल्या माणसाला गावाच्या पाटीशेजारी उभं करून फोटो काढा, तो घरच्या ग्रुपवर आठवडाभर चालतो.

अबरलेडी आणि गलन

अबरलेडीची खाडी १९५२ पासून राखीव आहे, ब्रिटनमधलं पहिलं स्थानिक निसर्ग राखीव क्षेत्र. लाकडी पादचारी पुलावरून आत शिरायचं. ऑक्टोबरात संध्याकाळी इथे उभे राहा. गुलाबी पायांचे हजारो हंस आइसलँड-ग्रीनलँडकडून हिवाळा काढायला येतात आणि अंधार पडताना रांगा धरून खाडीत उतरतात. आवाज दिसण्याच्या आधी येतो.

गलनला तीन कोर्स आहेत, आणि मुलांसाठी एक सहा होलचा, फुकट. मोठ्या माणसाला त्यावर खेळायचं असेल तर सोबत मूल लागतं. भाचरं उसनी घेऊन जा. गावाबाहेर म्यूअरफील्ड हा नामांकित कोर्स आहे. त्याच्या मालक क्लबने १७४४ मध्ये लीथला, म्हणजे एडिंबराच्या बंदरावर, एका स्पर्धेसाठी खेळाचे पहिले तेरा लेखी नियम केले. तिथून तो १८३६ मध्ये मसलबराला आणि १८९१ मध्ये म्यूअरफील्डला आला. १७४४ ची ती स्पर्धा जिंकणारे जॉन रॅट्रे हे शल्यवैद्य. पुढच्याच वर्षी प्रेस्टनपॅन्सच्या लढाईनंतर ते जखमींवर उपचार करायला गेले आणि गादीवर हक्क सांगणाऱ्या चार्ल्स स्टुअर्ट या बंडखोर राजपुत्राच्या फौजेत ओढले गेले. बंड फसल्यावर फास जवळ आला होता. तो टळला तो डंकन फोर्ब्स या मोठ्या न्यायाधीशामुळे, आणि तेही लीथच्या मैदानावरचेच सोबती. ओळख कुठली कुठे कामी येईल सांगता येत नाही.

या क्लबने बायकांना सदस्य करून घ्यायचं ठरवायला २०१७ पर्यंत वेळ लावला. २०१६ च्या मतदानात दोन तृतीयांश मतं पडली नाहीत, तेव्हा ओपन भरवणाऱ्या कोर्सच्या यादीतून नाव कापलं गेलं आणि मग वर्षभरात पुरेशी मतं फिरली. २०२२ मध्ये तिथे बायकांची ओपन झाली. पाहुण्यांना ठरावीक वारीच खेळता येतं, महिनोन्महिने आधी नोंदणी लागते आणि पैसे ऐकून बसायला खुर्ची लागते. नुसत्या पाहणाऱ्याने तिकडे वाट वाकडी करू नये. त्यापेक्षा गलनच्या टेकडीवर चढा, तिथून आजूबाजूचे सगळे कोर्स आणि खाडी एका नजरेत दिसते.

पाय धड असतील तर गलनहून नॉर्थ बेरिकपर्यंत किनाऱ्याने चालत जा. चार तास धरा. वाटेत यलोक्रेगची वाळू लागते, समोर फिड्रा बेट आणि त्यावरचं दीपगृह.

नॉर्थ बेरिक: पूर्ण दिवस

स्टेशनवरून उतारावर दहा मिनिटांत बंदर. पहिलं काम म्हणजे बास रॉकच्या होडीचं तिकीट. बंदरावरच्या समुद्रपक्षी केंद्रातून होड्या जातात. वारा सुटला की फेरी रद्द होते, म्हणून सकाळीच चौकशी करा आणि उलटीचा त्रास असेल तर गोळी आधी घ्या, होडीत बसल्यावर नव्हे.

बास रॉक हा समुद्रातून शंभर मीटरहून उंच उठलेला ज्वालामुखीचा खडक. लांबून बर्फ पडल्यासारखा पांढरा दिसतो. जवळ गेल्यावर कळतं की अर्धा पांढरा रंग पक्ष्यांचा आणि अर्धा त्यांच्या विष्ठेचा. वासही तशीच साक्ष देतो. हे पक्षी म्हणजे गॅनेट. त्यांच्या शास्त्रीय नावात 'बास' आहे तो या खडकावरून. ऐन भरात इथे दीड लाखांवर गॅनेट असायचे, जगात कुठेच एवढी मोठी वसाहत नव्हती. २०२२ च्या बर्ड फ्लूने त्यांना फार मारलं. त्यातून वाचलेल्या काही पक्ष्यांचे एरवी फिकट निळे असणारे डोळे काळे झाले. होडी खडकाजवळ रेंगाळते तेव्हा दुर्बिणीतून डोळे बघा. पंख मिटून, बाणासारखे सरळ पाण्यात घुसणारे गॅनेट तर दुर्बिणीशिवायही दिसतील. पफिन हे रंगीत चोचीचे समुद्रपक्षी बघायचे असतील तर जुलैच्या शेवटच्या आठवड्याआधी या, नंतर ते समुद्रावर निघून जातात.

परत आलात की बंदराजवळ जुन्या चर्चचे अवशेष आहेत. १५९० मध्ये इथे चेटकिणी जमल्या आणि त्यांनी राजा सहाव्या जेम्सच्या जहाजावर वादळ सोडलं, असा आरोप झाला. ट्रेनंटची गिलिस डंकन ही मोलकरीण आणि ॲग्नेस सॅम्पसन ही सुईण यांचा छळ करून कबुलीजबाब घेतले गेले. सरकारी पातळीवर माफी मागितली गेली ती २०२२ मध्ये. फलक छोटा आहे, थांबून वाचा.

मग जेवण. मासे खाणाऱ्यांनी हॅडॉकचे फिश अँड चिप्स घ्यावेत. दुकानदार विचारेल, "सॉल्ट अँड सॉस?" हो म्हणा. पातळ, आंबट, तपकिरी सॉस असतो, एडिंबरा आणि आसपासचीच ही खासियत. शाकाहारी मंडळींनी मात्र एक प्रश्न न लाजता विचारायचा: चिप्स कशात तळता? स्कॉटलंडात बऱ्याच ठिकाणी गुरांच्या चरबीत तळतात आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. शंका आली तर सूप, पाव आणि स्कोन यांवर भागवा. बाकावर बसून खाणार असाल तर पाठ भिंतीला लावून बसा. इथले सीगल मागून येतात. मामांचा अर्धा मासा असाच गेला. "आमच्याकडे कावळा निदान समोर येऊन बसतो," हे त्यांचं त्यावरचं भाष्य.

दुपारी वेस्ट लिंक्सच्या कडेने चाला. कोर्स गावातूनच सुरू होतो. शेवटच्या होलच्या बाजूला रस्त्यावर मोटारी उभ्या असतात आणि त्यांच्या काचांचं काय होतं याचे किस्से गावात पुष्कळ आहेत. पुढे तेराव्या होलवर एक दगडी गडगा आडवा आहे. गडगा आधीचा, कोर्स नंतरचा, म्हणून गडगा पाडला नाही. चेंडू त्याच्यावरून न्यायचा.

पंधरावं होल 'रेडान'. क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात याच नावाचा एक बुरुज होता. उंचावरचं, तिरकं, पलीकडे उतरत जाणारं ग्रीन पाहून तिथून परतलेल्या कुणा अधिकाऱ्याला तो आठवला म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नॅशनल गोल्फ लिंक्सवर या होलची नक्कल झाली आणि त्यानंतर ती जगभर होत राहिली. या गावातून माणसंच नव्हे, एक होलसुद्धा परदेशी स्थायिक झालं.

माणसांपैकी लक्षात ठेवायचं नाव विली अँडरसन. जन्म १८७९, इथेच. वडील कोर्सचं गवत राखायचे. १८९६ मध्ये, मिसरूड फुटायच्या वयात, तो अमेरिकेला गेला. तिथे नव्याने निघालेल्या क्लबांना खेळ शिकवणारी माणसं हवी होती आणि ती या किनाऱ्यावर सापडत होती. आपल्याकडून संगणकवाले गेले तसे इथून गोल्फवाले गेले. विलीने १९०१, १९०३, १९०४ आणि १९०५ अशी चार वेळा यूएस ओपन जिंकली. लागोपाठ तीनदा जिंकणारा आजवर तो एकटाच. १९१० मध्ये, एकतिसाव्या वर्षी तो फिलाडेल्फियात वारला आणि तिथेच पुरला गेला.

अंगात दम उरला असेल तर गावामागची लॉ टेकडी चढा. १८७ मीटर, पाऊण तास. माथ्यावर देवमाशाच्या जबड्याची कमान आहे. खरा जबडा कुजला, आता फायबरग्लासचा आहे, पण फोटोत कळत नाही. पूर्वेला तीन मैलांवर टँटॅलनचा लाल दगडी किल्ला. तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला एकच प्रचंड भिंत. सिंधुदुर्ग-विजयदुर्ग पाहिलेल्यांना तो जवळचा वाटेल. दुरुस्तीसाठी काही भाग मधूनमधून बंद असतो, आधी तपासा.

खेळायचंच असेल तर

थोडक्यात सांगते. अजिबात येत नसेल तर मसलबरा किंवा गावातलं पटिंग ग्रीन, म्हणजे चेंडू हलकेच होलमध्ये ढकलायची हिरवळ. थोडं येत असेल तर गलनचा तिसऱ्या क्रमांकाचा कोर्स. नामांकित कोर्सवर हँडिकॅपचं, म्हणजे तुमच्या खेळाच्या पातळीचं, प्रमाणपत्र मागतात, ते भारतातून निघतानाच क्लबकडून घ्या. कॉलरचा शर्ट घाला, जीन्स नको. इथे ट्रॉली ओढत चालतात, बॅटरीची गाडी सहसा मिळणार नाही. काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या कॅडीला टिप रोख द्यायची. आणि चेंडू हवेत उंच उडवू नका, वारा तो नॉर्वेला नेईल. जमिनीलगत मारा.

डनबार: तिसरा दिवस

वाटेत विमानांची आवड असलेल्यांनी ईस्ट फॉर्च्यूनचं संग्रहालय घ्यावं. तिथे काँकॉर्ड आहे. याच हवाई तळावरून २ जुलै १९१९ रोजी आर-३४ हे वायूने भरलेलं, फुग्यासारखं हवाई जहाज उडालं आणि १०८ तासांनी न्यूयॉर्कजवळ उतरलं, मग परतही आलं. अटलांटिकची हवेतून पहिली जा-ये. इतिहासवाल्यांसाठी आत गिफर्ड हे गाव. जॉन विदरस्पून १७२३ मध्ये तिथे जन्मले, १७६८ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनच्या कॉलेजचे प्रमुख म्हणून गेले आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे एकमेव कार्यरत धर्मोपदेशक ठरले. दोन्ही ठिकाणं एका दिवसात कोंबू नका.

डनबारला हाय स्ट्रीटवर १२६ क्रमांकाचं घर म्हणजे जॉन म्यूअर यांचं जन्मस्थान. प्रवेश फुकट. जन्म २१ एप्रिल १८३८. अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्याच्या रक्षणासाठी लढलेले आणि १८९२ मध्ये निसर्गरक्षणासाठी सिएरा क्लब काढणारे हेच म्यूअर. पण घरात शिरताना ते विसरा आणि दहा वर्षांच्या पोराकडे बघा. बाप धान्याचा व्यापारी, धर्माने कडक. १८४९ च्या फेब्रुवारीतली एक संध्याकाळ. जॉन आणि धाकटा डेव्हिड समोरच आजोळी अभ्यास करत बसलेत. बाप येतो आणि सांगतो की आज धडे पाठ करू नका, उद्या आपण अमेरिकेला निघतोय. पोरं आनंदाने वेडी. आजोबांनी प्रत्येकाच्या हातात आठवण म्हणून एक सोन्याचं नाणं ठेवलं. पोरांना जंगलं, पक्षी, साखर देणारी झाडं दिसत होती, आजोबांना पुढचं दिसत होतं. म्यूअर पुन्हा डनबारला आले ते १८९३ मध्ये.

घरातून बाहेर पडून बंदराकडे चाला. मोडक्या किल्ल्याच्या भिंतींवर म्यूअर आणि त्यांचे सवंगडी चढायचे. आज तिथे चढायला बंदी आहे, पण भिंतींच्या खाचांमध्ये किटिवेक पक्ष्यांची घरटी आहेत आणि ते दिवसभर स्वतःचंच नाव ओरडत असतात. बंदराच्या काठावर बसून दहा फुटांवरून त्यांची पिल्लं दिसतात. असं दृश्य मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

भरतीची वेळ बघून गावाच्या पश्चिमेला बेलहेवनला जा. इथे एक लोखंडी पूल आहे. ओहोटीत तो ओढ्यावरचा साधा साकव दिसतो. भरती आली की दोन्ही टोकं पाण्यात जातात आणि मधला पूल नुसताच समुद्रात उभा राहतो, कुठून कुठे जात नाही. मामांना हा पूल बास रॉकपेक्षा जास्त आवडला. पाणी चढेपर्यंत ते बाकावर बसून राहिले आणि "अजून वीत बाकी आहे" अशी बातमी देत राहिले. पलीकडे वाळूत गेला असाल तर पाणी चढायच्या आत अलीकडे या. तिथे कुणी शिट्टी वाजवून बोलवत नाही.

डनबारमधूनच जॉन म्यूअर वे ही २१५ किलोमीटरची पायवाट निघते आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या हेलेन्सबरापर्यंत जाते. पहिले दोन किलोमीटर कड्याच्या काठाने आहेत. तेवढे करा आणि परत फिरा.

परतीच्या गाडीत उजवीकडची खिडकी घ्या. ईस्ट लिंटन गेल्यावर शेतांपलीकडे आधी लॉ टेकडी दिसते आणि तिच्या बाजूला पांढरा बास रॉक. ड्रेमपर्यंत तो दिसत राहतो.